हँडलखालच्या वाट्यांची करामत

सायकलचं हँडल अगदी सरळ धरा आणि तिथल्या तिथे वेल्डिंग करून पक्कं करून टाका. मग तिच्यावर बसा आणि फक्त नाकासमोर जायचं ठरवा. वळायचंच नाही म्हटल्यावर अडचण कसली? पण अडचण येतेच. कितीही पट्टीचा सायकलपटू असो, थोड्याच अंतरात तो कलंडतो. हँडल वळण्यासाठी असतं, हे खरं. पण त्याहून जास्त ते तोल सांभाळण्यासाठी असतं. आपण सरळ चाललोय असं वाटतं तेव्हाही पुढचं चाक सतत किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे होत असतं आणि कलणाऱ्या सायकलला दर वेळी सावरून घेत असतं. ही हालचाल इतकी बारीक असते की चालवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

ज्याच्या जिवावर ही हालचाल चालते, तो भाग म्हणजे हेडसेट. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंगं, त्यांच्यातून आरपार गेलेला, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा दांडा, आणि त्या दांड्यावर बसलेलं हँडल. गल्लीतल्या दुकानात ‘वाट्या बदलायच्यात’ किंवा ‘छर्रे गेलेत’ म्हटलं की काम कळतं. चाकाची बेअरिंगं एका फेरीत हजारो वेळा गरगरतात. ही मात्र जन्मभर दोन-चार अंशांत इकडून तिकडे होतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक दणका झेलतात. कमी फिरायचं आणि जास्त सोसायचं, या विचित्र नोकरीतूनच हेडसेटचे सगळे प्रकार जन्मले आहेत.

उजवीकडे जायचंय? आधी डावीकडे!

विमान उडवण्याआधी राइट बंधू अमेरिकेतल्या डेटन गावी सायकली बनवून विकत असत. त्यांतल्या विल्बरने अनेक सायकलस्वारांना एक साधा प्रश्न विचारला होता : डावीकडे वळताना तुम्ही नेमकं काय करता? पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर एकालाही देता आलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, हँडल डावीकडे फिरवतो. प्रत्यक्षात स्वार हँडल क्षणभर उजवीकडे देतो. त्यामुळे सायकल डावीकडे कलते, आणि मग कललेल्या बाजूला हँडल आपसूक येतं. आज सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना आपण हे करतो याचा पत्ताच नसतो. हात मात्र ते बिनचूक करतात.

सायकल उभी का राहते, यावर तर शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षं डोकं खपवलंय. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा ध्यास घेतला होता. पुढच्या चाकाशेजारी उलट्या दिशेने फिरणारं दुसरं चाक लावून त्याने जायरोस्कोपचा परिणाम संपवून टाकला. तरीही ती सायकल बिनतक्रार चालली! हा सगळा खटाटोप १९७० साली ‘फिजिक्स टुडे’त छापून आला. पुढे २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये आणखी पुढची गंमत दाखवली. त्यांनी जायरोस्कोपचा परिणाम काढलाच, शिवाय पुढचं चाक स्वतःहून मागे ओढलं जाऊन सरळ होतं तो गुणही काढून टाकला. एवढं करूनही त्यांची बिनस्वाराची छोटी सायकल ढकलल्यावर स्वतःचा तोल स्वतः सांभाळत गेली. सायकल ज्या बाजूला पडू लागते, त्याच बाजूला पुढचं चाक आपण होऊन वळलं पाहिजे. तोलाचं मर्म यात आहे. आता कल्पना करा, वाट्यांमधलं ग्रीस वाळून हँडल जड झालंय. चाकाला वळायचंय, पण वळता येत नाही. अशा सायकलवर रस्ता रिकामा असूनही आपण नागमोडी का जातो, याचं उत्तर इथे आहे.

छर्ऱ्यांचं नशीब सायकलवर फळलं

आज विमानापासून मिक्सरपर्यंत सगळीकडे बॉल बेअरिंग असतं. पण त्याला खरा बाजार मिळवून दिला तो सायकलने. पॅरिसमधल्या ज्यूल सुरिरे या सायकल मेकॅनिकने १८६९ साली चाकाच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूरने जिंकली, ती अशी बेअरिंगं बसवलेल्या सायकलवर. पण हाताने घासून एकसारखे गोल छर्रे किती बनवणार? ते कोडं १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरने सोडवलं. पोलादी छर्रे शेकड्याने अचूक गोल घासणारं यंत्र त्याने बनवलं, आणि त्या गावात बेअरिंगचा जो उद्योग उभा राहिला तो आजही तिथे आहे.

आट्यांचा जमाना

आजोबांच्या काळ्या, दांडीवाल्या सायकलचा हेडसेट हा थ्रेडेड, म्हणजे आट्यांचा. चिमट्याच्या दांड्याच्या वरच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यावर वरची वाटी स्क्रूसारखी फिरवून बसवायची, मग वॉशर, आणि शेवटी लॉकनट. हँडलची दांडी या आटेदार नळीच्या आत शिरते. तिच्या टोकाला तिरका कापलेला लोखंडी तुकडा असतो आणि त्यातून एक लांबलचक बोल्ट गेलेला असतो. वरून बोल्ट आवळला की तो तुकडा तिरका सरकून नळीच्या भिंतीला घट्ट दाबला जातो. घरी मुलगा उंच झाला की हाच एक बोल्ट ढिला करायचा, वरून एक टोला द्यायचा, हँडल दोन बोटं वर ओढायचं आणि पुन्हा आवळायचं. ही सोय नव्या हेडसेटमध्ये राहिली नाही, आणि मला ती खरोखर मोठी सोय वाटते.

अशी सायकल ओव्हरहॉलिंगला उघडतात तेव्हा जवळ उभं राहून बघावं. मेकॅनिक आधी खाली ताटली किंवा कागद पसरतो, कारण चिमटा खाली ओढला की खालच्या वाटीतले छर्रे टपटप पडू लागतात. ग्रीस काळं, दाट झालेलं असतं. एकेक छर्रा रॉकेलात धुऊन तो चिंधीवर फिरवून बघतो. चकाकी गेलेला किंवा खरवडलेला एक जरी दिसला तरी सगळेच नवे टाकतो, कारण एखादा केसभर मोठा असला तरी सगळा भार त्याच्यावर येतो. मग वाटीत ताज्या ग्रीसचा जाड थर देऊन छर्रे एकेक करून चिकटवत जातो. सर्रास वापरला जाणारा छर्रा ५/३२ इंचाचा, म्हणजे चार मिलिमीटरला किंचित कमी. सगळं कडं भरलं की एक छर्रा काढून घ्यायचा. तेवढी फट राहिली तरच ते एकमेकांना घासत नाहीत. शेवटी दोन पाने हातात घेऊन खरी कसोटी लागते. एका पान्याने वाटी धरायची, दुसऱ्याने लॉकनट आवळायचा. थोडं जास्त झालं तर हँडल जड, थोडं कमी झालं तर खडखड. चांगल्या मेकॅनिकच्या मनगटाला ही मधली जागा माहीत असते.

आता आट्यांचं अंतर बघा. एक इंची दांड्यावर जगाने इंचाला २४ आटे मान्य केले. पण इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या सायकलींसाठी २६ पाडले. फ्रेंचांनी इंच झिडकारून २५ मिलिमीटरचा दांडा आणि एक मिलिमीटर अंतराचे आटे ठेवले. इटलीत अंतर तेच २४चं, पण आट्यांचा कोन ६० ऐवजी ५५ अंश. फ्रेमवर दाबून बसणाऱ्या वाटीतही फरक : आंतरराष्ट्रीय माप ३०.२ मिलिमीटर, जपानी ३०.०. चिमट्याच्या मुळाशी बसणारं कडं एकीकडे २६.४ आणि जपानीत २७.०. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचं देखणं संग्रहालय आहे. तशी एखादी विलायती सायकल पुन्हा चालती करायची असेल, तर रंग-पॉलिशच्या आधी आटे मोजायचं गेज हातात घ्यावं लागतं. दिसायला सारखा हेडसेट दोन फेरे नीट जातो, तिसऱ्याला अडतो, आणि तिथे जोर लावला की दांड्याचे आटे कायमचे गेले.

आटेवाला हेडसेट इतिहासजमा झाला असं मात्र समजू नका. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा शहरात सुरू झालेली कैरिन ही पैजेची शर्यत आजही जोरात असते. तिथल्या पारंपरिक शर्यतींत सायकलीचा फायदा कुणालाच मिळू नये म्हणून स्टीलच्याच फ्रेमी वापरतात, आणि प्रत्येक भागावर ‘एनजेएस’ हा मंजुरीचा शिक्का लागतो. हेडसेट तिथे अजूनही एक इंची, आट्यांचाच.

मधोमध अडकणारं हँडल

जुन्या सायकलीचं पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा. बरोबर सरळ आलं की ‘खट्’ करून ते खाचेत बसल्यासारखं थांबतं? म्हणजे वाट्यांना खड्डे पडलेत. मेकॅनिक मंडळींनी या आजाराला इंग्रजीत गिअरवरून ‘इंडेक्स्ड स्टीअरिंग’ असं नावही ठेवलंय.

खड्डे का पडतात, याचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर : रस्त्यावरच्या दणक्यांनी छर्रे वाटीत रुततात. या प्रकाराला ‘ब्रिनेलिंग’ म्हणतात, योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यावरून. धातूवर कठीण गोळी ठरावीक वजनाने दाबायची, उमटलेला खड्डा मोजायचा आणि त्यावरून धातूचा कठीणपणा ठरवायचा, ही त्याची १९०० सालची पद्धत आजही कारखान्यांत चालते.

पण योब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने, ज्याचं सायकलच्या चाकावरचं पुस्तक सायकलवेडे आजही पारायण करून वाचतात, हे उत्तर खोडून काढलं. त्याचं म्हणणं असं : हेडसेट फिरतच नाही, हीच त्याची अडचण. सरळ रस्त्यावर छर्रे एकाच जागी बसून थरथरतात. चिमटा खाली पुढेमागे लवतो, त्यासरशी छर्रेही सूक्ष्म प्रमाणात पुढेमागे घासतात. त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सारलं जातं. बेअरिंग पूर्ण फिरलं असतं तर नवं ग्रीस आत आलं असतं. इथे ते येत नाही. मग धातूवर धातू कोरडा घासतो आणि झीज होऊन खळगा तयार होतो. याचा पुरावा रेल्वेतून मिळाला होता. मालगाडीवर लादून दूर पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगं, एक मैलही न धावता, नेमक्या अशाच खळग्यांनी खराब झालेली निघाली. उभ्या मोटारी, फक्त डब्याची थरथर!

यावर दुकानांतला जुना उपाय फार हुशारीचा आहे. पिंजऱ्यात बसवलेले छर्रे काढून टाकायचे आणि त्याच मापाचे सुट्टे छर्रे भरायचे. पिंजऱ्याची जागा वाचल्यामुळे दोन-तीन छर्रे जास्त मावतात. आता छर्ऱ्यांची संख्या आणि खळग्यांची संख्या जुळत नाही, त्यामुळे सगळे छर्रे एकाच वेळी खळग्यात पडू शकत नाहीत. हँडल पुन्हा गुळगुळीत! वाट्या नव्या झालेल्या नाहीत, पण गरीब गिऱ्हाइकाची सायकल आणखी एक-दोन पावसाळे काढते. फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट कंपनीने तर छर्रेच रद्द करून सुईसारख्या बारीक रोलरांचा हेडसेट काढला होता. रोलर रेषेवर टेकतो, छर्रा बिंदूवर. त्यामुळे भार पसरतो. ते हेडसेट शोधून जपणारे लोक आजही आहेत.

आटे गेले, झाकण आलं

जॉन रेडर या अमेरिकन माणसाच्या डोक्यात आलेली कल्पना आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या सायकलवर आहे. दांड्याला आटेच नकोत, असं त्याने ठरवलं. त्याचं पेटंट १९९२ साली मंजूर झालं. डाया-कॉम्पे कंपनीने, आणि पुढे तिच्या अमेरिकन शाखेतून झालेल्या केन क्रीकने, तो हेडसेट ‘अहेडसेट’ या नावाने विकला. पेटंट संपलं २०१० साली.

रचना बघाल तर सोपी. चिमट्याचा दांडा साधा, गुळगुळीत, आणि फ्रेमच्या वरपर्यंत आलेला. हँडलची दांडी त्याच्या आत शिरण्याऐवजी त्याला बाहेरून मिठी मारते आणि बाजूच्या दोन बोल्टांनी पकडते. दांड्याच्या आत ताऱ्याच्या आकाराचा एक दातेरी पोलादी नट, म्हणजे ‘तारा’, ठोकून बसवलेला असतो. मासे पकडायच्या गळासारखा तो आत जातो, पण मागे येत नाही. सगळ्यात वर गोल झाकण, आणि झाकणातून त्या ताऱ्यात जाणारा बोल्ट. तो आवळला की तारा दांड्याला वर ओढतो आणि बेअरिंगांमधला खेळ निघून जातो.

आता यातली मजेदार गोष्ट. बाजूचे दोन बोल्ट एकदा आवळले की वरच्या झाकणाचं काम संपतं. पुढे सगळं धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. म्हणून क्रम चुकवायचा नसतो : बाजूचे ढिले, मग झाकणाचा बोल्ट हळूच आवळून खेळ काढायचा, मग बाजूचे घट्ट. बाजूचे बोल्ट घट्ट असताना कितीही जोर लावून झाकण पिळलं तरी बेअरिंगवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. तारा मात्र उखडून हातात येऊ शकतो. कार्बनच्या दांड्यात तर ताऱ्याला मज्जावच असतो, कारण त्याचे दात कार्बनचे धागे चिरतात. तिथे फुगून आतून पकडणारा प्लग लावतात.

वरच्या बेअरिंगवर एक चीर असलेलं छोटंसं कडं बसतं. नख लावलं तर निसटेल इतकं क्षुल्लक दिसतं. पण दांडा बेअरिंगच्या बरोबर मधोमध धरून ठेवणारं तेच. सर्व्हिसिंगच्या गडबडीत ते हरवलं की मग झाकण आवळा, बेअरिंग बदला, काही करा, हँडलची खटखट जाता जात नाही.

आणखी एक फायदा रस्त्यावरच्या लोकांनी लगेच ओळखला. एक इंची आटेवाल्या हेडसेटला ३२ मिलिमीटरचे, १-१/८ इंची मापाला ३६चे असे अगडबंब पाने लागत. नव्याला खिशातली एलन की पुरते. लांबच्या राइडवर घाटात हँडल सैल झालं तर हा फरक सोन्याच्या मोलाचा असतो.

बेअरिंग बसतं कुठे?

आटे गेल्यावर पुढची चढाओढ सुरू झाली ती बेअरिंग कुठे ठेवायचं यावरून. तीन घरं आहेत. पहिलं, फ्रेमच्या नळीबाहेर : वाटी वरखाली उठून दिसते, बदलायला सोपी, दणकट. दुसरं, नळीच्या आत दाबलेली वाटी : बाहेर फक्त पातळ कड दिसते, नळी त्यासाठी जाडी लागते. तिसरं, वाटीच नाही : फ्रेमच्याच धातूत किंवा कार्बनमध्ये उतार कोरलेला असतो आणि बंद बेअरिंग हाताने त्यात ठेवलं की झालं. हातोडा नको, प्रेस नको. दिसायला हा तिसरा प्रकार फारच सफाईदार. पण माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. बाहेरच्या वाटीचा खड्डा म्हणजे वाटीचं नुकसान; कोरलेल्या फ्रेमचा खड्डा म्हणजे फ्रेमचं.

या तिसऱ्या प्रकारात एक सापळा आहे. दोन बेअरिंगं शेजारी ठेवली तर जुळी वाटतात. एक केन क्रीक पद्धतीचं, व्यास ४१ मिलिमीटर. दुसरं इटालियन कँपान्योलो पद्धतीचं, ४१.८. फरक ०.८ मिलिमीटरचा. त्यात उतारही वेगळे : पहिल्याला आतून ३६ अंश आणि बाहेरून ४५, दुसऱ्याला दोन्हीकडे ४५. चुकीचं बसवलं तरी पहिल्या दिवशी चालतं, आठवड्याभरात कुरकुरायला लागतं. सुदैवाने बेअरिंगच्या कडेवर हे आकडे बारीक अक्षरांत कोरलेले असतात. जुनं बेअरिंग फेकून देण्याआधी ते पुसून फोनवर फोटो काढून ठेवा.

खाली जाड, वर बारीक

खालचं बेअरिंग वरच्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतं. रस्त्याचा दणका आधी त्याच्याकडे, पुढच्या ब्रेकचा जोर त्याच्यावर, वजनही त्याच्यावर. वरचं फक्त दांडा जागच्या जागी धरतं. मग दोन्ही एकाच मापाची कशासाठी? म्हणून वर १-१/८, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि खाली दीड इंच असा निमुळता दांडा आला. चिमटा मजबूत झाला, ब्रेक मारताना लवणं कमी झालं, आणि फ्रेम बनवणाऱ्यांना खालची जाड नळी जोडायला ऐसपैस जागा मिळाली.

मापांच्या बाजारात हरलेलेही आहेत. माउंटन बायकिंगच्या आद्य मंडळींतला गॅरी फिशर याने सव्वा इंची ‘इव्होल्यूशन’ मापाचा झेंडा फडकवला होता. बाजाराने १-१/८ इंचीला कौल दिला. पुढे जायंट कंपनीने वर सव्वा इंच, खाली दीड इंच असं स्वतःचं ‘ओव्हरड्राइव्ह २’ काढलं. त्या सायकली घेतलेल्यांना हँडलची दांडी बदलायची म्हटलं की शोधाशोध ठरलेली.

हे काही भन्नाट हेडसेट

शस्त्रक्रियेच्या यंत्रांतून सायकलीत : कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात काम करणाऱ्या ख्रिस किंग या कारागिराने १९७६ साली वैद्यकीय यंत्रांतून बाद झालेली बंद बेअरिंगं घेऊन पहिला हेडसेट बनवला. डॉक्टरांच्या कामाला ती पुरेशी अचूक राहिली नव्हती, सायकलसाठी मात्र अप्रतिम होती. आज त्याच्या नावाची कंपनी पोर्टलंडमध्ये आहे, आणि तिचा हेडसेट एका सायकलीवरून काढून दुसरीवर, मग तिसरीवर चढवणारे लोक आहेत.

वळायला बंदी : ट्रेकच्या काही माउंटन बाइकवर ‘नॉक ब्लॉक’ असतो. हँडल ५८ अंशांपलीकडे फिरतच नाही, कारण फिरलं तर चिमट्याचं डोकं फ्रेमच्या खालच्या नळीवर आपटेल.

कोन बदलणारी वाटी : किंचित तिरपं भोक पाडलेली वाटी लावली की चिमट्याचा उतार एक-दीड अंशाने बदलतो. तेवढ्यानेही तीच सायकल उतारावर अधिक शांत आणि वळणावर थोडी सुस्त होते. फ्रेम न बदलता स्वभाव बदलायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

नळीतलं सस्पेन्शन : कॅननडेलने नव्वदच्या दशकात ‘हेडशॉक’ काढला. धक्के झेलणारा भाग फ्रेमच्या उभ्या नळीतच लपवला होता. स्पेशलाइज्डच्या ‘फ्यूचर शॉक’मध्ये स्प्रिंग हेडसेटच्या वर, हँडलखाली बसते आणि २० मिलिमीटर दबते. २०१६ साली ती फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांच्या शर्यतीचंच नाव असलेल्या ‘रूबे’ सायकलवर आली.

चावी कुठाय? : रॅलेच्या ‘सुपर्ब’ या जुन्या इंग्लिश सायकलीत कुलूप चिमट्याच्या माथ्यातच असायचं. हँडल वळवून चावी फिरवली की चाक तिरकं अडकून बसे. चोर सायकलवर बसला तरी जाणार कसा!

हेडसेटमधून जाणाऱ्या दांड्याने शर्यतीचा निकालही फिरवलाय. २००६च्या पॅरिस-रूबेमध्ये अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी पुढच्या गटात होता. खडबडीत दगडांवर त्याच्या चिमट्याचा ॲल्युमिनियमचा दांडा मोडला आणि हँडल सुटून त्याच्या हातात आलं. वेगात असलेली सायकल, हातात हँडल, आणि ते कशालाच जोडलेलं नाही! तो कोसळला, खांद्याला दुखापत झाली आणि शर्यत तिथेच संपली.

सांकेतिक भाषा वाचायला शिका

इतके प्रकार झाल्यावर दुकानदारांनाही काही कळेना, तेव्हा केन क्रीकने इतर कंपन्यांना सोबत घेऊन एक संकेतपद्धती आणली. उदाहरणार्थ ‘झेडएस ४४/२८.६ | झेडएस ५६/४०’. उभ्या रेघेच्या आधीचं वरच्या बेअरिंगचं, नंतरचं खालच्याचं. ‘ईसी’ म्हणजे वाटी बाहेर, ‘झेडएस’ म्हणजे वाटी आत, ‘आयएस’ म्हणजे वाटीच नाही. पहिला आकडा फ्रेमच्या नळीचा आतला व्यास; दुसरा वर चिमट्याच्या दांड्याचा, आणि खाली चिमट्याच्या मुळाशी कडं बसतं त्या जागेचा, सगळे मिलिमीटरमध्ये. आपल्या सायकलचा हा संकेत वहीत लिहून ठेवला तर भाग मागवताना फसगत होत नाही.

आता वायरीही आत

हल्लीच्या महागड्या सायकलींवर ब्रेकच्या नळ्या आणि गिअरच्या वायरी हँडलमधून थेट हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये शिरतात. बाहेरून एकही वायर दिसत नाही. हवेचा अडसर कमी, रूप देखणं. पण वरचं बेअरिंग गंजलं तर? वायरी त्याच्या भोकातून गेलेल्या असतात. कित्येक सायकलींवर ब्रेकची नळी सोडवायची, तेल काढायचं, बेअरिंग बदलायचं, पुन्हा नळी जोडून तेल भरायचं आणि हवा काढायची, असा सोपस्कार होतो. काही मिनिटांचं काम अर्ध्या दिवसाचं झालं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर, जिथे चार महिने सायकल भिजते, तिथे रोज चालवायला अशी सायकल घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

पावसाळ्यातली काळजी आणि दोन मिनिटांची परीक्षा

पाणी आणि लाल चिखल सगळ्यात आधी शिरतो तो खालच्या वाटीत, कारण पुढचं चाक तो थेट तिथेच फेकतं. पुढचा मडगार्ड पूर्ण लांबीचा असेल तर बरीच झीज टळते. वाटी बाहेरची असेल तर जुन्या ट्यूबचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापून चिमटा बसवण्याआधी त्या जागेवर चढवायचा. उत्तम रेनकोट होतो. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा वाट्यांच्या फटीवर कधीही मारू नका, त्याने चिखल बाहेर येत नाही, ग्रीस निघून जातं.

परीक्षा अशी. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं वाटी आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवा, आणि सायकल पुढेमागे हलवा. बोटांखाली बारीकशी खटखट जाणवली तर हेडसेट सैल आहे. शंका वाटली तर चाक काटकोनात वळवून तेच करा. आता ब्रेकचा खेळ मध्ये येत नाही, उरलेली खटखट वाट्यांचीच. मग फ्रेम धरून पुढचं चाक उचला आणि हँडल मोकळं सोडा. ते स्वतःच्या वजनाने सहज एका बाजूला वळलं पाहिजे. जुनी सायकल विकत घेताना ही चाचणी विकणाऱ्यासमोरच करा, आणि हँडल मधोमध अडकलं तर नव्या वाट्यांचे आणि मजुरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.